कोजागिरी, छुसॉक आणि दुधाचे पैसे

२०२५ साली ६ ऑक्टोबरच्या रात्री महाराष्ट्रात कोजागिरी होती आणि कोरियात छुसॉक. हे दोन सण एकाच रात्री येणं नेहमीचं नाही. छुसॉक हा कोरियन चांद्रवर्षाच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी असतो आणि बहुतेक वर्षी तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास पडतो. गणपती नुकतेच गेलेले असतात आणि पितृपक्ष तोंडावर असतो. २०२४ला तसंच झालं होतं. १७ सप्टेंबरला छुसॉक आणि १८ पासून आपला पितृपक्ष.

२०२५ला मात्र तिकडच्या पंचांगात सहावा महिना दोनदा आला. आपल्याकडे त्या वर्षी अधिक महिना नव्हता. आपला अधिक श्रावण २०२३लाच होऊन गेला होता. त्यामुळे छुसॉक महिनाभर पुढे सरकला आणि थेट कोजागिरीवर येऊन बसला.

मी पुणतांब्याची. राहाता तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावरचं गाव. सध्या दक्षिण कोरियातल्या जॉन्जू शहरात पीएच.डी. करते. जॉन्जू हे जॉल्ला प्रांतातलं शहर, आणि जॉल्ला म्हणजे कोरियाचं भाताचं कोठार. छुसॉकला सगळा देश आपापल्या गावी जातो. हॉस्टेलं रिकामी होतात, मेस बंद होते, परदेशी विद्यार्थी तेवढे मागे उरतात. लॅबमधल्या कोरियन मैत्रिणीनं मला आणि एका व्हिएतनामी मैत्रिणीला तिच्या आजीच्या गावी बोलावलं. गाव किम्जेच्या मैदानात आहे. डोंगराळ कोरियात जमिनीवरचं क्षितिज दिसणारी जागा म्हणून हे मैदान ओळखलं जातं. बसमधून दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात दिसत होतं.

सण कसा झाला ते सांगतेच, पण त्याआधी जरा मागे जाऊया. कारण परदेशात बसून सुगीचा सण करण्याची गोष्ट वाटते तितकी नवी नाही. आणि त्या गोष्टीत एक माणूस नेहमी गैरहजर असतो.

८३९ सालची पौर्णिमा

एन्निन नावाचा एक जपानी बौद्ध भिक्षू ८३८ साली जपानी राजदूतांच्या जहाजातून चीनला गेला. पुढची नऊ वर्षं तो तिथे फिरत राहिला आणि रोजनिशी लिहीत राहिला. त्या काळचा चीन समजून घ्यायला ही रोजनिशी आजही वाचली जाते. ८३९ साली तो शानदोंगच्या किनाऱ्यावरच्या एका मठात मुक्कामाला होता. मठ चीनच्या भूमीवर, पण भिक्षू आणि आसपासची वस्ती शिल्लातल्या लोकांची. शिल्ला म्हणजे तेव्हाचं कोरियन राज्य. तिथले व्यापारी आणि खलाशी समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर वसले होते. मठ बांधला होता जांग बोगो यानं. हा शिल्लाचा सेनानी आणि मोठा दर्यावर्दी व्यापारी.

त्या वर्षीच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला एन्निननं नोंद केली आहे. मठात शेवयांसारखा पदार्थ आणि पिठाचे गोड पदार्थ केले होते. भिक्षूंनी त्याला सांगितलं, की हा सण इतर कुठल्या देशात नाही, फक्त शिल्लात आहे. मायदेशी तो तीन दिवस चालतो, रात्रंदिवस गाणं, नाच, खाणंपिणं असतं. इथे परक्या मुलखात आम्ही देशाच्या आठवणीनं करतो.

म्हणजे कोरियाच्या या सणाची इतकी जुनी नोंद मिळते ती घरापासून लांब असलेल्या लोकांच्या सणाची, आणि ती लिहिली आहे एका तिसऱ्याच देशाच्या पाहुण्यानं. लंडनच्या किंवा शिकागोच्या महाराष्ट्र मंडळात हॉल भाड्यानं घेऊन शनिवारी संक्रांत करतात, त्याला आपण आधुनिक काळाची गोष्ट समजतो. शानदोंगच्या त्या भिक्षूंनी ११८६ वर्षांपूर्वी वेगळं काय केलं?

पण त्या नोंदीत एक विचित्र गोष्ट आहे. सण का करतात, असं विचारल्यावर म्हाताऱ्या भिक्षूंनी एन्निनला सांगितलं, की फार पूर्वी याच दिवशी शिल्लानं शेजारच्या पारहे राज्यावर विजय मिळवला होता. भात पिकलं, कणसं भरली, नवं अन्न घरात आलं, यातलं काही त्या कारणात नाही. सुगीच्या दिवसांतल्या सणाचं कारण म्हणून युद्ध सांगितलं गेलं.

फेर धरणाऱ्या बायका

तीनशे वर्षांनी, ११४५ साली, किम बू-शिक यानं कोरियाच्या तीन जुन्या राज्यांचा इतिहास लिहून पूर्ण केला. ग्रंथाचं नाव ‘सामगुक सागी’. त्यात या सणाची दुसरी गोष्ट आहे. शिल्लाच्या युरी राजानं राजधानीतल्या बायकांचे दोन गट केले. प्रत्येक गटावर एक राजकन्या नेमली. सातव्या महिन्याच्या मध्यापासून रोज पहाटे जमायचं आणि रात्री उशिरापर्यंत विणायचं. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला कुणी जास्त विणलं ते मोजायचं. हरलेल्या गटानं जिंकलेल्यांना खाऊपिऊ घालायचं, मग गाणी, नाच, खेळ. हरलेल्यांतली एक बाई उठून नाचत असं काही करुण गायली, की तिच्या उसाशावरून पुढे एक गाणंच ओळखलं जाऊ लागलं. हा काळ ग्रंथाप्रमाणे इसवी सन ३२चा.

इथे निदान कष्ट करणारी माणसं दिसतात. पण स्पर्धा राजाची, गट राजकन्यांचे, आणि त्या बाईचं नाव लिहिलेलं नाही.

जॉल्लाच्या दक्षिण किनाऱ्यावर छुसॉकच्या चांदण्यात बायका हातात हात गुंफून मोठा फेर धरतात. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या धृपद म्हणतात. सुरुवात संथ, मग वेग वाढतो. याला ‘गांगगांगसुल्लाए’ म्हणतात आणि २००९ साली युनेस्कोनं ते आपल्या वारसायादीत घेतलं. मैत्रिणीनं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तेव्हा मी म्हटलं, हा तर भोंडला आहे. पाटावर हत्ती ठेवायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. आमच्याकडे हस्त नक्षत्राच्या पावसात मुली हेच करतात. फरक एवढाच, की आमच्या गाण्यांत सासू-सासरे आणि माहेर भरपूर.

या फेराचीसुद्धा युद्धकथा आहेच. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपाननं स्वारी केली, तेव्हा सेनापती यी सुन-शिन यानं बायकांना डोंगरावर शेकोट्यांभोवती फेर धरायला लावून मोठी फौज असल्याचा भास निर्माण केला, अशी दंतकथा सांगतात. शेतातल्या बायकांचा खेळ इतिहासात आला तो सेनापतीचं बोट धरून.

आजीचं घर

सणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सोंगप्यॉन केले. ताज्या तांदळाच्या पिठाची उकड, त्यात तीळ आणि साखरेचं सारण, हातावर वळलेली करंजीसारखी चंद्रकोर. ती पाइन झाडाच्या सुयांवर ठेवून वाफवायची. उकडीच्या मोदकाची सवय असलेल्या माणसाला हे जमतं. ज्या मुलीचे सोंगप्यॉन सुबक, तिला सुंदर मुलगी होते, असं तिकडे म्हणतात. आजींनी माझे बघून मान डोलावली आणि व्हिएतनामी मैत्रिणीचे बघून त्या खळखळून हसल्या. तिचा सणही याच पौर्णिमेचा. तिच्याकडे तो मुलांचा, कंदिलांचा. तिनं कागदाचा तारा करून व्हरांड्यात टांगला.

सकाळी पूर्वजांचा विधी झाला. त्याला ‘छारये’ म्हणतात. नवीन तांदळाचा भात, सूप, मासे, फळं, सोंगप्यॉन, सगळं ठरलेल्या क्रमानं मांडलेलं. मग घरच्यांनी जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केले. नंतर सगळे टेकडीवरच्या थडग्यांकडे गेले. तिथलं गवत आधीच कापून ठेवलेलं होतं. मला एकीकडे पितृपक्ष आठवत होता आणि दुसरीकडे दसरा. नवं अन्न आधी गेलेल्यांना दाखवायचं, मग आपण खायचं. आमच्याकडे या दोन गोष्टींत एक पंधरवडा आणि एक नवरात्र असतं, इथे त्या एकाच ताटात होत्या.

संध्याकाळचा भाग माझा होता. आजींच्या गॅसवर मी दूध आटवलं. केशर, वेलदोडा, जायफळ मी जॉन्जूहून नेलं होतं. चारोळी नव्हती, मग पाइनचे दाणे घातले. हे दाणे कोरियन लोक गोड पेयांवर घालतात, ते मसाला दुधातही चांगले लागले. अंगणात चटई टाकली. चंद्र ढगांतून आत-बाहेर करत होता. मध्ये कधीतरी दिसला, तेव्हा वाटीतल्या दुधात पाडून घेतला.

आजी सत्तरीच्या पुढच्या. पाठ कमरेतून वाकलेली. भाताच्या रोपांची लावणी यंत्रानं व्हायच्या आधीची ही पाठ आहे, असं मैत्रीण म्हणाली. आता जमीन दुसऱ्यांना कसायला दिली आहे. मुलं सोलला. गावात उरलेले जवळजवळ सगळे त्यांच्याच वयाचे. कोरियात माणशी भात खाण्याचं प्रमाण गेल्या ३० वर्षांत निम्म्यावर आलं आहे. छुसॉकला मात्र भाताशिवाय चालत नाही.

कोण जागं आहे?

त्यांनी विचारलं, की दूध रात्रीच का प्यायचं. मी कोजागिरीची पोथीतली गोष्ट सांगितली. अश्विनी पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी पृथ्वीवर फिरते आणि ‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागं आहे, असं विचारते. जो जागा असेल त्याला धन देते. जागायचं कसं, तर फासे खेळत. व्रतकथेतला नायक मगध देशातला गरीब ब्राह्मण. तो रात्री फासे खेळत जागा राहिला आणि श्रीमंत झाला.

आजींना हे फारसं पटलं नाही. रात्री फासे खेळणाऱ्याला पैसे देणारी देवी त्यांना विचित्र वाटली. त्या म्हणाल्या, भाताला पाणी सोडायच्या दिवसांत आम्ही रात्र रात्र जागायचो. बांधात पाणी जायला जी वाट करतात तिला कोरियनमध्ये ‘मुलक्को’ म्हणतात. दुष्काळी वर्षी शेजारी रात्री येऊन आपला मुलक्को बुजवून पाणी स्वतःकडे वळवायचा, म्हणून राखण करायची. त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात. कॅनॉलचं आवर्तन सुटलं की पाळी रात्री दोनची असो वा तीनची, उठून जायचं. विहिरीवर मोटर असेल तर थ्री फेजची लाइट रात्रीच्या पाळीची. माझे वडील बॅटरी आणि काठी घेऊन उसात शिरतात. आता बिबट्याच्या भीतीनं दोघं-दोघं जातात. लक्ष्मी खरोखर पुणतांब्यावरून जात असेल तर तिला फासे खेळणारं कुणी भेटायचं नाही. गुडघाभर चिखलात उभी असलेली माणसं भेटतील.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. रायगडाची. हिरकणी नावाची गवळण गडावर दूध विकायला गेली. दिवस कोजागिरीचा होता असं सांगतात. सणामुळे दुधाला मागणी होती. तिला उशीर झाला आणि सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. पहारेकरी दार उघडेनात. तेव्हा ती अंधारात कडा उतरून घरी गेली. शिवाजी महाराजांना हे कळल्यावर त्यांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. तो हिरकणी बुरूज. गोष्ट दंतकथा म्हणूनच सांगितली जाते, पण मराठी घरात ती माहीत नाही असं पोर नसेल.

मैत्रीण भाषांतर करत होती. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

“तिला दुधाचे पैसे मिळाले होते का?”

मी ही गोष्ट बालवाडीपासून ऐकत आले आहे. नाटकात हिरकणी झाले आहे. तिचं धाडस, तिची माया, महाराजांचा न्याय, सगळं पाठ आहे. दुधाचा हिशेब त्यात नाही.

पुणतांबा

पुणतांब्याचं नाव बहुतेकांनी दोन कारणांनी ऐकलेलं असतं. पहिलं म्हणजे चांगदेव. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले योगी. त्यांनी आधी कोरं पत्र पाठवलं आणि उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्या लिहिल्या, ती ‘चांगदेव पासष्टी’. त्या चांगदेवांची समाधी आमच्या गावात आहे. गावाचं जुनं नाव पुण्यस्तंभ असं सांगतात.

दुसरं कारण २०१७चं. ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

हा पट्टा मूळचा ज्वारी-बाजरीचा, अवर्षणाचा. १८७८ साली दौंड–मनमाड रेल्वे सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोठ्या दुष्काळानंतर सरकारनं गोदावरीचे कालवे काढले आणि १९१६ साली दारणा धरण पूर्ण झालं. सुरुवातीला इथले शेतकरी पाणी घ्यायला बिचकत होते. सासवडकडचे माळी आले, त्यांनी जमिनी खंडानं घेऊन ऊस लावला, गुऱ्हाळं चालवली. मग खासगी साखर कारखाने आले. जवळच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं. बाहेरच्या लोकांना आमचा भाग म्हणूनच बागायती, सुखवस्तू वाटतो.

या ‘सुखवस्तू’ गावानं एप्रिल २०१७च्या ग्रामसभेत ठराव केला, की १ जूनपासून शेतकरी संपावर जाणार. खरिपात घरापुरतंच पिकवायचं, बाजारात काही न्यायचं नाही. कर्जमाफी हवी, उत्पादनखर्चावर पन्नास टक्के धरून हमीभाव हवा, दुधाला लिटरला ५० रुपये हवेत, वयस्क शेतकऱ्यांना पेन्शन हवी. कामगार संप करतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण शेतकऱ्यानं संप करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आधीचं एक उदाहरण महाराष्ट्रात होतं. अलिबागजवळ चरी आणि भोवतालच्या गावांत १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं. २५ गावं, आणि संप चालला जवळजवळ सहा वर्षं. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. ही कोकणातली भातशेती. कोजागिरीला तिथे नवान्न पौर्णिमा म्हणतात. भात, नाचणी, वरी यांच्या लोंब्या, कुरडूची फुलं आणि आंब्याची पानं बांधून ‘नवं’ करतात आणि दाराला लावतात. सहा वर्षं जी शेतं पडीक राहिली, त्यांच्या मालकांच्या दाराला तेव्हा काय लागलं असेल?

पुणतांब्याचा संप १ जूनला सुरू झाला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. टँकर अडवले गेले, भाजी रस्त्यावर आली, दूध ओतलं गेलं. ते व्हिडिओ तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाहिले असतील. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन आमच्या गावच्या प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. इतर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना ते मान्य झालं नाही, संप चालू राहिला. गावात त्यावरून बरंच कडू बोलणं झालं, अजूनही होतं. ६ जूनला शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौरला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. २४ जूनला महाराष्ट्रात ३४,००० कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, दीड लाखांच्या मर्यादेची. जून २०२२मध्ये पुणतांब्यात पुन्हा धरणं धरावं लागलं.

त्या जूनमध्ये शहरातल्या लोकांचा एक प्रश्न सारखा यायचा: दूध असं ओतवतं कसं तुम्हाला? मला तेव्हा उत्तर देता यायचं नाही. आजींच्या प्रश्नानं ते उत्तर सोपं केलं. ओतलेलं दूध सगळ्यांना दिसलं, कारण ते रस्त्यावर होतं. रोज पहाटे तोट्यात डेअरीला जाणारं दूध कुणाला दिसत नाही.

जॉल्लातली गाऱ्हाणी

मैत्रिणीनं मग तिच्या प्रांताची गोष्ट सांगितली. १८९४ साली याच भागात, कोबू नावाच्या गावी, तिथल्या अधिकाऱ्यानं शेतकऱ्यांकडून फुकट राबवून नवा बंधारा बांधून घेतला आणि वर त्याच पाण्याची पट्टी लावली. जॉन बोंग-जून याच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. बंधारा फोडला. त्यातून तोंगहाक शेतकरी उठाव पेटला. तो शमवायला चीन आणि जपान या दोन्ही देशांच्या फौजा कोरियात उतरल्या, आणि त्याचं पर्यवसान त्या दोघांच्या युद्धात झालं. एका पाणीपट्टीपासून सुरू झालेली गोष्ट.

दुसरी गोष्ट जवळची. जॉल्लातल्याच जांगसू भागातले ली क्यूंग-हे हे शेतकरी नेते. त्यांनी डोंगरउतारावर गुरांचं शेत उभं केलं होतं. गोमांसाची आयात खुली झाली, भाव पडले, शेत कर्जात गेलं. सप्टेंबर २००३मध्ये जागतिक व्यापार संघटनेची परिषद मेक्सिकोत कान्कूनला होती. तिथे निदर्शनं चालू असताना ते कुंपणावर चढले. ही संघटना शेतकऱ्यांना मारते, अशा अर्थाची पाटी त्यांच्याजवळ होती. तिथेच त्यांनी स्वतःचा जीव घेतला. मेक्सिकोत तेव्हा १० सप्टेंबर होता. कोरियात ११ सप्टेंबर उजाडत होता आणि तो छुसॉकचा दिवस होता.

पुढे नोव्हेंबर २०१५मध्ये भाताच्या भावासाठी सोलला मोर्चा निघाला. त्यात जॉल्लातलेच बेक नाम-गी हे वयोवृद्ध शेतकरी पोलिसांच्या पाण्याच्या माऱ्यानं खाली कोसळले. शुद्धीवर न येताच सप्टेंबर २०१६मध्ये ते गेले.

हे ऐकताना आम्ही दूधच पीत होतो. व्हिएतनामी मैत्रिणीचे आईवडीलही भातशेतकरी. तिनं कपभर दूध पुन्हा घेतलं आणि म्हणाली, माझ्याकडे सांगायला अशा गोष्टी आहेत, पण आज सण आहे. आजी म्हणाल्या, सणालाच सांगायच्या असतात, एरवी ऐकायला घरी कोण असतं?

मला वाटतं, या एका वाक्यात सुगीच्या सणाचं खरं काम आलं. सण म्हणजे सगळे एका ताटाभोवती बसण्याचा दिवस. ताटात काय आहे ते सगळ्यांना दिसतं. ते कुणी, कसं आणि कितीला आणलं, हे विचारायला तीच वेळ बरी. एन्निननं विचारलं तेव्हा त्याला युद्ध सांगितलं गेलं. किम बू-शिकनं राजकन्या लिहिल्या. आपल्या पोथीनं फासे लिहिले. लोककथेनं हिरकणी आणली खरी, पण तिचा हिशेब न करताच तिला बुरूज दिला. पुणतांब्याच्या ग्रामसभेनं तो हिशेब मागितला, तर लोकांना वाटलं की ही माणसं अन्नाचा अपमान करतायत.

एक नोंद

रात्री घरी फोन केला. तिकडे साडेतीन तास मागे, चंद्र नुकता वर आला होता. वडील म्हणाले, “झाली का गं तुझी कोजागिरी? इथं दूध ठेवलंय आईनं, पण बसायला अंगण कोरडं नाही.” सप्टेंबरच्या शेवटच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेली होती. काढून ठेवलेली थोडी होती, तिला मोड आले होते. मराठवाड्यात तर गावंच्या गावं पाण्यात होती, त्या मानानं आपलं बरं, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी, ७ ऑक्टोबरला, सरकारनं अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. वडिलांना त्यातलं काय मिळणार, हे पंचनाम्यावर होतं.

पुढेमागे कुणी एन्निनसारखा पाहुणा आमचे सण बघायला आला, तर त्याच्यासाठी २०२५च्या पौर्णिमेची माझी नोंद अशी आहे. स्थळ किम्जे. तांदूळ शेजाऱ्यांच्या शेतातला. सोंगप्यॉन तिघींनी केले, सुबक दोघींचे. दूध दुकानातलं, पाइनचे दाणे आजींचे. चंद्र ढगांत. पुणतांब्याला सोयाबीन गेली. चाळीतला उन्हाळ कांदा अजून पडून, भाव क्विंटलला हजाराच्या आसपास, खर्च त्याहून जास्त. जमिनीला वाफसा नाही, त्यामुळे गव्हाची पेरणी पुढे ढकलली. वडील रात्री अकरापर्यंत जागे होते. त्या रात्री लाइट दिवसाचीच पाळी होती, म्हणून नंतर झोपले.